भरतीच्या रेषेवरचं लाकूड

सँडगर्थ, शेटलंड
१२ ऑक्टोबर १९२६

प्रिय रॅस्मी,

बातमी सांगते, बसून ऐक. आपल्या घराला धुराडं आलं. खरंखुरं, दगडी, पूर्वेच्या भिंतीत. बाबांनी आणि होड्या बांधणाऱ्या हॅकीने मिळून उन्हाळाभर खपून बांधलं. आपले बाबा जन्मभर म्हणत आले की विस्तव खोलीच्या मधोमधच शोभतो आणि धूर छपराच्या भोकातून जाईल तेव्हा जाईल. पण गेल्या हिवाळ्यात खोकल्याने त्यांना असं पिळून काढलं की डॉक्टर म्हणाले, एक तर धूर घराबाहेर जाईल, नाहीतर तुम्ही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आता दलदलीतून कापून वाळवलेलं पीट भिंतीतल्या चुलीत जळतं आणि घरात आम्हाला एकमेकांची तोंडं दिसतात. परवा बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "ऑस्ला, तू एवढी थोराड कधी झालीस गं?" मी म्हटलं, "धुरात कळलं नाही तुम्हाला. मला तुमच्याबद्दल हेच विचारायचं होतं."

पण चूल उघडीबोडकी दिसते. नुसते दगड. पाद्र्यांच्या घरी आहे तसा लाकडी मँटलपीस करावा असं माझ्या मनात आहे. दोन्ही बाजूंना खांब आणि वर रुंद फळी. घड्याळ, चहाचा डबा आणि तुझा तो टोपीतला फोटो ठेवायला जागा होईल. हत्यारं हॅकी देतो म्हणाला. अडतंय ते लाकडाशी. या बेटावर झाड म्हणजे पाद्र्यांच्या भिंतीआडचं कमरेएवढं झुडूप, तेही वाऱ्याने वाकलेलं.

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं ते तुझं लाकूड आहे तिथेच आहे. तू जायच्या आदल्या वसंतात घोड्याला दोर बांधून तू आणि बाबांनी भरतीच्या रेषेच्या वर ओढलंत ते. "परत आलो की माझ्या घराचं आढं याचंच," असं तू सगळ्या किनाऱ्याला ऐकवलं होतंस. कोणी बोट लावलेलं नाही. हॅकीला होडीच्या कण्यासाठी वर्षभर लाकूड मिळत नव्हतं, पण त्याने तिकडे मान वळवली नाही. ज्याने ओढलं त्याचं, मग तो न्यूझीलंडला असो नाहीतर चंद्रावर.

म्हणून विचारते, ते मला देशील का? तू ते कशासाठी ठेवलंस हे मी विसरलेले नाही. तेव्हा विचार करून सांग. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. तुला विचारलंय हे बाबांना माहीत नाही.

तुझी,
ऑस्ला


डनीडन
९ जानेवारी १९२७

ऑस्लाबाई,

धुराड्याबद्दल अभिनंदन. बाबांनी हार मानली हे वाचून इथे एकटाच हसलो, तर घरमालकीणबाई दारात येऊन विचारते, बरं वाटत नाही का.

इथे ख्रिसमसला आम्ही सदऱ्याच्या बाह्या वर करून, घाम पुसत मटण खाल्लं. ते काही खरं वाटत नाही. थंडीने बोटं वाकडी झाल्याशिवाय ख्रिसमस कसला. मी अजून त्याच लाकडाच्या वखारीत आहे. इथे लाकडाला कुत्रं विचारत नाही बघ. आम्ही ज्या ढलप्या जाळतो त्यांच्यासाठी सँडगर्थमध्ये दोन घरांचं बोलणं बंद होईल.

मँटलपीसचं म्हणशील तर हेरिंग मासळीच्या पेट्या फोड. पेटीचं लाकूड पातळ असतं, पण दोन फळ्या पाठीला पाठ लावून खिळलीस की चालून जाईल. चुलीच्या तोंडापासून वीतभर तरी लांब ठेव. वरची फळी दगडात घट्ट ठोकू नकोस, लाकूड फुगतं, आटतं, त्याला हलायला जागा लागते. खांब आधी उभे कर, फळी शेवटी.

बाबांना सांग की मी दर रविवारी चर्चला जातो. जात नाही, पण सांग. माझ्या खिडकीतून बंदर दिसतं. संध्याकाळी बोटी बाहेर पडतात, तेव्हा कोणती कुठे चालली हे मी ओळखायला शिकलोय.

तुझा,
रॅस्मी


सँडगर्थ
२० मार्च १९२७

रॅस्मी,

उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? पेट्या फोडल्या, फळ्या जोडल्या, बोटावर हातोडी मारून घेतली, आणि तू सांगितलंस तसा तुझा मँटलपीस उभा केला. पहिल्या दिवशी छान दिसला. दुसऱ्या दिवशी चूल नीट तापली आणि लाकडात मुरलेलं हेरिंग बाहेर आलं. घरभर वास. मांजर जे समोर येऊन बसलं ते चर्चमध्ये बसल्यासारखं, हलेना. बाबा म्हणाले, "चूल आहे की मासळीबाजार?" आठवड्यात फळीला असं पोक आलं की घड्याळ घरंगळून बाबांच्या मांडीवर. घड्याळ वाचलं. पेट्या मी चुलीत घातल्या.

तेव्हा मी बाबांना विचारलं. तुला विचारलंय हे नाही सांगितलं, नुसतं म्हटलं, "रॅस्मीचं लाकूड मागितलं तर?"

"लाकूड त्याचं आहे."

"म्हणून तर मागायचं म्हणते."

"तो आला की घर बांधेल. तेव्हा आढ्याला काय तुझे हात लावणार?"

"आणि नाही आला तर?"

त्यांनी चूल ढोसली. मग म्हणाले, "पीट संपलंय, घेऊन ये." पीटची टोपली काठोकाठ भरलेली होती, रॅस्मी. मी ती उचलून बाहेर नेली आणि तशीच परत आणली.

तू चार पानं लिहिलीस आणि माझ्या प्रश्नावर मूग गिळून बसलास. आता आडून विचारत नाही. त्या ओंडक्याकडे बघून बाबा दिवस काढतात. रविवारी चर्चहून येताना वाकडी वाट करून तिथे जातात आणि त्याच्यावर बसतात. तू यायचा असशील तर लाकूड ठेव आणि मला तसं लिही. यायचा नसशील तर दे. मधलं काही नको. दोन्ही ऐकायची माझी तयारी आहे.

ऑस्ला


डनीडन
१५ जून १९२७

प्रिय ऑस्ला,

लाकूड घे. ते तुझं.

वेगळ्या कागदावर लिहून दिलंय, म्हणजे किनाऱ्यावर कोणी तोंड उघडायला नको. बाबांना तो कागद वाचून दाखव.

आता नीट ऐक, हे लाकूड चांगलं आहे, पेटीसारखं वाया घालवू नकोस. जड पाइन आहे, आत राळ भरलेली असणार. चिरताना मोठी करवत लागेल, वर एक माणूस, खाली एक. चिरलं की फळ्या लगेच घरात आणू नका. लाकडात समुद्राचं मीठ आहे, आणि मीठ राहिलं तर दर पावसाळी हवेला फळी घाम सोडेल. तेव्हा आधी उघड्यावर पावसात धुऊ द्या. मग हिवाळाभर उलट्या होडीखाली ठेवा, मधे काठ्या घालून, वारा खेळेल अशा. मग गोठ्यात गाईच्या उबेला. चुलीजवळ सगळ्यात शेवटी. घाई केलीत तर मधोमध फाटेल आणि मग दोष मला द्याल.

इथे आता हिवाळा आहे. डोंगरावर थोडं बर्फ पडलंय. तब्येत चांगली आहे. काम पुष्कळ आहे.

रॅस्मी


सँडगर्थ
३० ऑगस्ट १९२७

प्रिय रॅस्मी,

पत्र आणि कागद पोचला. बाबांना वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात लाकूड चिरायला घेऊ. हॅकी करवत देतो म्हणाला.

बाकी सर्व ठीक.

ऑस्ला


डनीडन
४ डिसेंबर १९२७

प्रिय ऑस्ला,

तुझं पत्र एवढंसं आलं की पाकीट पुन्हा उलटं करून पाहिलं, काही आत राहिलं का. लाकूड चिरताना बाबा काय म्हणाले, ते तू काहीच लिहिलं नाहीस.

मला एक सांगायचंय. मी लग्न करतोय. तिचं नाव एफी. वखारीत हिशेब बघायची, तिथेच ओळख झाली. शांत आहे, पण हसायला लागली की थांबत नाही. तुला आवडेल. तिच्या वडिलांचं दक्षिणेला मेंढ्यांचं कुरण आहे, त्यांना मुलगा नाही. फेब्रुवारीत लग्न झालं की आम्ही तिकडे राहायला जाऊ.

मुलगा होता, खरं तर. एफी सहा वर्षांची असताना ते सगळे ग्लासगोहून बोटीने इकडे आले, तेव्हा वाटेत तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. समुद्रातच सोडला. तेव्हापासून एफी बंदरावरसुद्धा येत नाही. मी एकदा तिला बोटी दाखवायला नेत होतो तर अर्ध्या रस्त्यात उभी राहिली. मी परत फिरलो. पुन्हा तो विषय काढला नाही.

मँटलपीस झाला की लिही. कसा झाला ते सगळं लिही.

तुझा,
रॅस्मी


सँडगर्थ
२ जून १९२८

प्रिय रॅस्मी,

उत्तराला उशीर झाला. मँटलपीस झाल्यावर लिही म्हणालास, तो परवा झाला, म्हणून आज बसले. एफीला माझा नमस्कार. तिच्यासाठी शाल विणायला घेतली आहे, बारीक, अंगठीतून जाईल अशी. तिच्यावर माझा राग नाही हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटेल.

तुझा कागद मी बाबांना वाचून दाखवला त्या संध्याकाळचं मी तुला लिहिलं नाही. आता लिहिते. मी वाचत होते आणि मला भीती वाटत होती की आता हे पडतात. त्यांनी हातातली भाकरी संपवली. बशी पुसली. मग म्हणाले, "पोरगं शहाणं झालं."

मला वाटलं, वेड लागलं. मी म्हटलं, "बाबा, त्याने लाकूड दिलं. त्याच्या घराचं लाकूड."

"तेच म्हणतो मी. आपलं लाकूड कोणी परक्याच्या घरात घालतं का? ज्या घरात राहायचं त्याच घरात घालतं. वेगळं घर बांधायचं खूळ गेलं त्याच्या डोक्यातून. इथेच येणार आता, आपल्यात. ऊठ, दोर बघ कुठे आहे."

आणि त्या म्हाताऱ्यात काय संचारलं काय सांगू. मी दोर शोधायला उठले. आणि खरं सांगायचं तर एक दिवस, एकच दिवस, मलाही वाटलं की त्यांचंच बरोबर असेल.

चिरताना ते वर आणि मी खाली. डोळ्यांत, केसांत, तोंडात भुसा. पहिला काप आत गेला आणि राळेचा वास सुटला, तर हॅकीची बायको घर सोडून बघायला आली. एवढं लाकूड एका जागी तिने पाहिलं नव्हतं. पावसात धुतलं, होडीखाली ठेवलं, गाईजवळ ठेवलं, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे. बाबा रोज जाऊन फळ्यांवर हात फिरवून यायचे. खोकला विसरले.

वरची फळी बसवताना आमची फजिती झाली. भिंतीचे दगड वेडेवाकडे, फळी सरळ, मधे हात जाईल एवढी फट. मी म्हटलं, चिखल भरू. बाबांनी दगडांना चुलीतली काजळी फासली, फळी दाबून धरली, काढली, आणि फळीवर जिथे काळं लागलं तेवढंच तासलं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं, पुन्हा तासायचं. सबंध आठवडा हेच. घर आणि आम्ही दोघं कोळशासारखे काळे. आता फळी दगडांत अशी बसली आहे की सुरीचं पातं जात नाही. तू म्हणालास तशी लाकडाला हलायला जागा ठेवली आहे, टोकांना.

उंचीवरून मात्र भांडण झालं. मी माझ्या खांद्याशी खूण केली होती. बाबांनी ती पुसली आणि हातभर वर केली. म्हणाले, "रॅस्मी वाकून हात शेकायला लागला की कपाळ आपटेल." मी म्हटलं, "घड्याळाला चावी मी देते, तो नाही." म्हणाले, "स्टुलावर चढ." तर आता मी रोज स्टुलावर चढून घड्याळाला चावी देते.

तुझ्या लग्नाचं पत्र मी त्यांना अर्धंच वाचून दाखवलं. पहिल्या ओळी, मग माझ्याच मनाने तब्येत चांगली आहे, काम पुष्कळ आहे, एवढंच. पुढचं वाचवेना.

आता माझं ऐक. मी ते लाकूड मागितलं ते तू नाही म्हणावंस म्हणून. पहिल्या पत्रापासून. मँटलपीस मला हवा होता, खोटं नाही, पण त्याहून जास्त मला तुझ्या हातचं हवं होतं की नको ऑस्ला, हात लावू नकोस, मी येतोय. दुसऱ्यांदा तुझ्यावर चिडून लिहिलं तेही त्यासाठीच. दोन्ही ऐकायची तयारी आहे म्हणाले, ते खोटं. एकच ऐकायची होती. तुझं "घे" आलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडले.

बाबा आता ओंडक्यावर बसायला जात नाहीत, ओंडका राहिलाच नाही. चुलीसमोर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हे रॅस्मीचं लाकूड, तो आला की बघेल. लोक मान हलवतात. मीही हलवते. त्यांना खरं सांगायचं तर तू सांग. मला जमणार नाही.

तुझी,
ऑस्ला


आवाका, न्यूझीलंड
२६ ऑगस्ट १९२८

प्रिय ऑस्ला,

तुझं पत्र मी मेंढ्यांच्या वाड्यात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझे परतीच्या बोटीचे पैसे जमत आले होते. अचानक दारात उभं राहायचं असं ठरवलं होतं, म्हणून लिहिलं नव्हतं. तू लाकूड मागितलंस आणि मी समजलो की माझी वाट बघणं तुम्ही सोडलं. आपल्याकडे जिवंत माणसाचं लाकूड कोण मागतं? बुडालेल्याचं मागतात, तेही वर्ष गेल्यावर, त्याच्या आईकडे. मी पेट्यांचं वगैरे लिहून वेळ काढला, म्हटलं, कदाचित पुढच्या पत्रात म्हणेल की राहू दे, तू ये. पुढच्या पत्रात तू म्हणालीस, यायचा नसशील तर दे. मला वाटलं, तुलाच ते ऐकायचंय, म्हणजे सगळ्यांना मोकळं होता येईल. दोनदा "नाही" लिहिलं आणि फाडलं. जो गेला त्याने लाकूडही अडवून ठेवलं असं कोणी म्हणायला नको होतं. मग "घे" लिहिलं. त्यानंतर एफीला विचारलं. त्याआधी नाही.

आता एफी आहे. तिच्या पोटात बाळ आहे. मी तिला शेटलंडबद्दल विचारलं, एकदाच, हळूच. ती म्हणाली, "तू जाऊन ये." पण म्हणताना तिने माझी बाही धरली होती, आणि सोडली नाही. मी जाणार नाही, ऑस्ला. हे तुला लिहितो. तुझ्याशी आता आडून बोलणार नाही.

बाबांना खरं सांग म्हणालीस. रात्रभर नाही, पण दोन दिवस तेच डोक्यात होतं. कागद घेऊन बसलो आणि जे लिहायचं होतं ते लिहिताच आलं नाही, दुसरंच लिहिलं गेलं. सोबत ठेवलंय. वाचून दाखव किंवा जाळ, तू ठरव. सगळं तुझ्यावरच टाकतोय हे कळतं मला. तिथे राहिलीस ती तू.

तुझा,
रॅस्मी


(सोबतचा कागद)

प्रिय बाबा,

मँटलपीस उत्तम झाल्याचं ऑस्लाने कळवलं. काजळीची युक्ती इथे कुरणावरच्या माणसांना सांगितली, त्यांना माहीत नव्हती.

मी लग्न केलं, बाबा. तिचं नाव एफी. पुढच्या वर्षी तुम्ही आजोबा व्हाल. हे आधीच सांगायला हवं होतं.

आम्ही येऊ. कधी ते आज सांगता येत नाही, मेंढ्या आहेत, बाळ लहान असेल, पण येऊ. उन्हाळ्यात येऊ, अंधार पडत नाही तेव्हा, म्हणजे एफीला सगळं दिसेल. लेरविक बंदराहून स्टीमरने येऊ, मग हॅकीच्या होडीने. तुम्ही धक्क्यावर यायचं नाही, तिथे वारा असतो. आम्ही चढण चालत येऊ. बाळ माझ्या खांद्यावर असेल. एफी पाण्याला घाबरते, तेव्हा ती उतरली की तिला थोडा वेळ काही विचारू नका, तिला आपली भाकरी द्या आणि चुलीपाशी बसवा. तिला तुमचा आवाज आवडेल.

मी दार न ठोठावता येईन. तुम्ही खुर्चीतून उठू नका आणि एवढे दिवस कुठे होतास असं लगेच विचारू नका. आधी मला हात शेकू द्या. मग बोलू.

तुमचा,
रॅस्मी